कॅमेरा कुठे वळवायचा ते कोण ठरवतंय? सप्लायरच्या रिमोट ऑडिटवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सप्लायर ऑडिटवर लिहिताना रिमोट ऑडिटचा, म्हणजे प्लांटमध्ये न जाता व्हिडिओ कॉलवर केलेल्या तपासणीचा, ओझरता उल्लेख केला होता आणि नेमके त्यावरच सगळ्यात जास्त मेल आले. काही माल विकत घेणाऱ्या कंपन्यांमधून, काही सप्लायरच्या बाजूने, एकदोन तर चांगलेच वैतागलेले. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: मॅडम, नमस्कार. आम्ही मशीन असेंबल करतो, पार्ट चार देशांतून येतात. मॅनेजमेंट म्हणतंय प्रवासाचा खर्च बंद, यापुढे सगळ्या सप्लायरची ऑडिट व्हिडिओ कॉलवर करा. हे नियमात बसतं का? आणि बसत असलं तरी करावं का?

उत्तर: नियमात बसतं, त्याबद्दल शंका नको. आयएसओ ९००१ या क्वालिटी मॅनेजमेंटच्या स्टँडर्डच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ८.४ आहे, बाहेरून येणाऱ्या मालावर आणि सेवांवर कंट्रोल कसा ठेवायचा त्याचं. ते नीट वाचलंत तर दिसेल की सप्लायर कसे निवडायचे, त्यांच्यावर लक्ष कसं ठेवायचं, पुन्हा कधी तपासायचं याचे निकष तुम्ही ठरवा आणि त्याचं रेकॉर्ड ठेवा एवढंच ते मागतं, तिथे जाऊनच बघा असं कुठेही लिहिलेलं नाही. ऑडिट कसं करावं याची गाईडलाईन म्हणजे आयएसओ १९०११, तिच्या २०१८ च्या आवृत्तीत रिमोट पद्धती परिशिष्टात दिलेल्याच आहेत. इंटरनॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन फोरमचं (आयएएफ) एमडी ४ नावाचं डॉक्युमेंट आहे, ऑडिटमध्ये व्हिडिओ, स्क्रीन शेअरिंग वगैरे वापरायचं तर काय पाळायचं त्याचं. ते सर्टिफिकेशन देणाऱ्या संस्थांसाठी आहे, तुम्हाला बंधनकारक नाही, पण छोटंसं आहे आणि कामाचं आहे, वाचून घ्या. २०२० मध्ये प्रवास थांबला तेव्हा सगळ्यांनी घाईघाईने व्हिडिओ चालू केले म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की ही कोविडमधली तडजोड होती. तसं नाहीये, पद्धत आधीपासून होती, लोकांनी ती हातात तेव्हा घेतली.

आता करावं का. सरसकट करू नका. ज्या सप्लायरकडे तुम्ही आधी जाऊन आलाय, जागा ओळखीची आहे, माल वर्षानुवर्षं ठीक येतोय, तक्रारी कमी आहेत, पार्ट असा आहे की बिघडला तर असेंब्लीतच कळतं, तिथे रिमोट बिनधास्त करा. नवा सप्लायर असेल, किंवा जागा बदलली असेल, किंवा प्रोसेस अशी असेल की शेवटी मोजून काही कळत नाही, जसं हीट ट्रीटमेंट, वेल्डिंग, प्लेटिंग, स्टरलायझेशन, किंवा मागच्या ऑडिटमध्ये मोठी एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियमाप्रमाणे नसलेली गोष्ट) निघाली असेल, तर तिथे माणूस पाठवा. पैसे वाचवायचेच असतील तर पहिल्या गटात वाचतात आणि ते दुसऱ्या गटाच्या तिकिटांवर खर्च करा, मीटिंगमध्ये मॅनेजमेंटला असंच मांडा, खर्च तेवढाच पण नजर जिथे लागते तिथे. मला वाटतं हे ऐकून घेतील.

पहिल्यांदा जाऊनच बघा असं मी का म्हणते त्यासाठी एक प्रकरण सांगते. २००८ मध्ये अमेरिकेत हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधामुळे रुग्णांना गंभीर रिअ‍ॅक्शन आल्या, मृत्यूही झाले. कच्चा माल चीनमधल्या चांगझोऊच्या एका प्लांटमधून येत होता आणि त्यात ओव्हरसल्फेटेड काँड्रॉइटिन सल्फेट नावाचा पदार्थ मिसळलेला निघाला, जो तेव्हाच्या नेहमीच्या टेस्टमध्ये हेपारिनसारखाच दिसायचा. आणि अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि अन्नावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, तो प्लांट मंजुरीच्या वेळी तपासलाच नव्हता, कारण डेटाबेसमध्ये मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच प्लांटची नोंद बघून आधी तपासणी झालीय असं धरलं गेलं. म्हणजे कागदावर सगळं जुळत होतं, फक्त जागा वेगळी होती. रिमोटमध्ये हा धोका दुप्पट होतो कारण आपण पत्ता टाईप करतो, पत्त्यावर उतरत नाही. त्यामुळे सर्टिफिकेटवरचा पत्ता, इन्व्हॉइसवरचा पत्ता, मालाच्या लेबलवरचा पत्ता आणि सॅटेलाईट नकाशावर दिसणारी इमारत हे चारही जुळवून बघा आणि व्हिडिओ कॉल गेटच्या बाहेरून, पाटीपासून सुरू करायला लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: तीन रिमोट ऑडिट केली, तिन्ही वेळा सगळं चकाचक. जमीन स्वच्छ, फाईली तयार, ऑपरेटर पाठ केल्यासारखं बोलतो. मग दीड महिन्यात त्याच सप्लायरकडून मिक्स झालेला लॉट आला. वरून विचारतायत की ऑडिटमध्ये हे कसं दिसलं नाही. मी काय बघायला हवं होतं?

उत्तर: तुमच्या मेलमध्ये एक वाक्य होतं, की त्यांनी टूर छान अरेंज केली होती. मला वाटतं सगळं तिथेच आहे. टूर त्यांनी आखली, कॅमेरा त्यांच्या माणसाच्या हातात, फाईली त्यांनी निवडलेल्या, ऑपरेटर त्यांनी पुढे केलेला. तुम्ही बघितलं ते खरंच असेल, त्यात खोटं काही नसेलही, पण काय बघायचं ते तुम्ही ठरवलं नाही आणि ऑडिटमध्ये तेवढी एकच गोष्ट अशी आहे जी ऑडिटरने कधीच हातातून सोडायची नसते. प्रत्यक्ष गेलो की ती आपोआप आपल्याकडे राहते, आपण चालता चालता मान वळवतो, कोपऱ्यात झाकून ठेवलेलं काहीतरी दिसतं, विचारतो हे काय. रिमोटमध्ये मान त्यांची असते, म्हणून ती आपल्याला मुद्दाम मागून घ्यावी लागते.

आणि लपवणारा काय थराला जातो ते पण लक्षात ठेवा. फ्रान्समधल्या पीआयपी या कंपनीने ब्रेस्ट इम्प्लांटमध्ये मेडिकल ग्रेडऐवजी इंडस्ट्रियल सिलिकॉन जेल वापरलं, अनेक वर्षं, २०१० मध्ये बंद पडेपर्यंत. तिथे ऑडिटर प्रत्यक्ष जात होते हो! पण आधी कळवून जायचे, आणि ते यायच्या आधी जेलचे पिंप आणि त्याची कागदपत्रं बाजूला काढली जायची. त्यानंतर युरोपियन युनियनने मेडिकल डिव्हाईसवाल्यांसाठी न सांगता ऑडिट करण्यावर जोर दिला आणि २०१७ च्या नियमावलीत तर निदान ५ वर्षांतून एकदा असं ऑडिट झालंच पाहिजे, गरज पडली तर सप्लायरकडेसुद्धा, असं घातलं. व्हिडिओ ऑडिट जवळजवळ नेहमीच आधी ठरवलेलं असतं, लिंक पाठवावी लागते, त्यामुळे पीआयपीला जी सोय मिळाली ती आपण प्रत्येक सप्लायरला देऊन बसतो. वेळ सांगा, ती सांगावीच लागेल, पण सँपल सांगू नका.

तर करायचं काय. कॉल सुरू झाल्यावर, आधी नाही, गेल्या सहा महिन्यांत पाठवलेल्या सगळ्या बॅचची यादी स्क्रीनवर उघडायला सांगा. त्यातल्या तीन तुम्ही निवडा, एखादी महिन्याच्या शेवटच्या दिवसातली घ्या कारण तेव्हा डिस्पॅचची घाई असते, एखादी रात्रपाळीतली घ्या, एखादी अशी की जिच्यात रीवर्क, म्हणजे दुरुस्तीचं काम, झालंय. मग त्या बॅचचं रेकॉर्ड आणा म्हणा आणि घड्याळ बघा. जिथे रेकॉर्ड खरोखर ठेवतात तिथे ते बऱ्यापैकी लवकर येतं, जिथे दुसऱ्या दिवशी देतो म्हणतात तिथे ते रात्री लिहिलं जाण्याची शक्यता असते, म्हणून यायला किती वेळ लागला ते नोटमध्ये टाका. मग बॅच नंबर धरून मागे मागे जा, कच्च्या मालाचा लॉट कुठला, तो कधी आला, इनवर्ड इन्स्पेक्शन कोणी केलं, आणि त्या लॉटचा उरलेला माल स्टोअरमध्ये असेल तर कॅमेरा तिथे न्या, लेबल वाचून दाखवा. कागदावर १२० किलो शिल्लक आणि रॅकवर दोनच पोती, असं झालं की बोलणं एकदम वेगळ्या दिशेला जातं.

तुमचा लॉट मिक्स झाला म्हणजे लाईन क्लिअरन्स (आधीचा माल लाईनवरून पूर्ण काढणं) आणि आयडेंटिफिकेशनमध्ये गडबड आहे, आणि ती कधीच चकाचक लाईनवर दिसत नाही. ती रीवर्कच्या टेबलावर दिसते, रिजेक्शनच्या जाळीत दिसते, शिफ्ट बदलताना अर्धवट राहिलेल्या ट्रेमध्ये दिसते. म्हणून माझी नेहमीची वाट अशी असते की मेन लाईन थोडक्यात आणि मग रिजेक्शन एरिया, रीवर्क, रिटर्न आलेला माल, स्क्रॅप, मेंटेनन्सची खोली, लोडिंगचं दार. तिथे थांबा म्हणा, डावीकडे वळा म्हणा, ते कपाट उघडा म्हणा. संकोच करू नका. कॅमेरा धरणारा माणूस शक्यतो असा मागा जो प्रोसेसवाला आहे, मार्केटिंगवाला नको, आणि त्याला सुरुवातीलाच प्रेमाने सांगून ठेवा की मी मध्येच थांबवेन, परत मागे जायला सांगेन, त्यात अविश्वास नाही, ऑडिट असंच असतं. आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ घेऊ नका, कितीही सुंदर असला तरी.

नेटवर्क गेलं तर? जातंच, पत्र्याच्या शेडमध्ये, कोल्ड रूममध्ये, जाड भिंतींच्या आत सिग्नल खरंच मरतो, त्याला लबाडी म्हणू नका. पण कुठे गेलं आणि किती वाजता गेलं ते लिहा, परत लागल्यावर त्याच जागेपासून सुरू करा, आणि दोनदा प्रयत्न करूनही ती जागा दिसलीच नाही तर रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहा की हा भाग बघता आला नाही. आयएसओ १९०११ मध्ये सुद्धा स्कोपमधला, म्हणजे तपासायचं ठरलेल्यातला, जो भाग कव्हर झाला नाही तो रिपोर्टमध्ये घ्यावा असं आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. न बघितलेली जागा रिपोर्टमध्ये गायब झाली की वाचणारा धरून चालतो की ती बघितली आणि ठीक होती, आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर होतात. तुमच्या वरच्यांना आत्ता जो प्रश्न पडलाय त्याचं निम्मं उत्तर तुमच्या रिपोर्टमध्ये असायला हवं होतं.

शेवटचं या प्रश्नातलं, डेटा. पीडीएफ पाठवतो म्हणाले तर नाही म्हणा, सिस्टिममध्ये लॉगिन करून लाईव्ह दाखवा. लॅब असेल तर रिझल्टचं पान नको, उपकरणाच्या सॉफ्टवेअरमधला ऑडिट ट्रेल उघडा, कोणी कधी काय बदललं, कुठलं रीडिंग काढून टाकून परत घेतलं, ट्रायल नावाच्या फोल्डरमध्ये काय आहे. जपानच्या कोबे स्टीलचं प्रकरण ऑक्टोबर २०१७ मध्ये बाहेर आलं, अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याच्या मालाचे टेस्टचे आकडे स्पेसिफिकेशनमध्ये बसवून सर्टिफिकेट दिली जात होती, शेकडो ग्राहक कंपन्यांकडे तो माल गेला. सर्टिफिकेट बघून ते कळणं शक्यच नव्हतं, सर्टिफिकेट तर दिसायला बरोबरच होती. मूळ रीडिंग आणि सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवून बघायला हवं, आणि गंमत म्हणजे हे काम रिमोटमध्ये उलट जास्त चांगलं होतं, कारण आपण घाईत नसतो, स्क्रीन मोठी करून एकेक ओळ वाचू शकतो. दुसऱ्या दिवशी विमान पकडायचंय म्हणून लॅबला उरलेला अर्धा तास द्यायचा, हे प्रत्यक्ष ऑडिटमध्ये किती वेळा होतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहितीये.

प्रश्न: मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे सप्लायर. आमच्याकडे वर्षभर कुठल्या ना कुठल्या ग्राहकाचं रिमोट ऑडिट चालू असतं. प्रत्येक जण म्हणतो सगळ्या फाईली आमच्या पोर्टलवर टाका, प्लांटचं रेकॉर्डिंग करू द्या. आमच्या प्रोसेसची गुपितं, दुसऱ्या ग्राहकांची नावं, सगळं त्यात येतं. नाही म्हटलं तर लपवताय म्हणतात.

उत्तर: तुमचा राग योग्य आहे आणि वर मी ऑडिटरला जे सगळं मागायला सांगितलं ते वाचून तो वाढला असेल, तर हे पण त्यांनी वाचावं. बघणं आणि नेणं वेगळं आहे. ऑडिटरला पुरावा बघायचा अधिकार असतो, त्याची कॉपी आपल्या सर्व्हरवर कायमची ठेवायचा नसतो. स्क्रीन शेअर करून दाखवलंत तर बहुतेक वेळा ऑडिटचं काम भागतं, त्याने डॉक्युमेंट नंबर, आवृत्ती, तारीख लिहून घ्यावी, बस. एमडी ४ मध्ये पण माहितीची सुरक्षितता आणि गोपनीयता कशी सांभाळणार ते दोघांनी आधी मान्य करायचं आणि ते जमत नसेल तर दुसरी पद्धत वापरायची असंच आहे. म्हणून ऑडिटच्या आधी एक पानाचं लिहून घ्या: रेकॉर्डिंग होणार का, झालं तर कोणाकडे राहणार, कधी पुसणार, स्क्रीनशॉट चालतील का, कुठली जागा कॅमेऱ्यावर येणार नाही आणि ती मग कशी तपासायची. यातला शेवटचा भाग विसरू नका. नुसतं नाही म्हटलंत तर संशय येतो, नाही म्हणून दुसरा मार्ग दिलात तर येत नाही.

दुसऱ्या ग्राहकांची नावं दिसू नयेत म्हणून सिस्टिममध्ये फिल्टर केलेला व्ह्यू आधी तयार ठेवा, ऐन वेळी स्क्रीन झाकाझाकी करत बसलात तर ते फार वाईट दिसतं. कामगारांना आधी सांगा की कॅमेरा येणार आहे, त्यांची परवानगी काही देशांत कायद्यानेच लागते, आणि ऑडिटरने चेहरे टाळून हात, मशीन, लेबल बघावं. आणि सॉल्व्हंट किंवा उडणारी पावडर असलेल्या भागात साधा मोबाईल न्यायचा नसतो, तिथे स्फोटाचा धोका असलेल्या जागेसाठी सर्टिफाय केलेलं उपकरणच लागतं. ग्राहक कितीही मोठा असला तरी यात तडजोड करू नका, ऑडिटर समजूतदार असेल तर तुम्ही नाही म्हणालात याचेच मार्क देईल.

इतक्या सगळ्यांची वेगवेगळी ऑडिट, त्यावर माझ्याकडे जादू नाही. पण ग्राहकांना विचारून बघा की दुसऱ्याचा ताजा रिपोर्ट किंवा तुमच्या स्टँडर्डच्या सर्टिफिकेशनचा पूर्ण रिपोर्ट, नुसतं सर्टिफिकेट नाही, दिला तर ते स्कोप कमी करतील का. बरेच जण करतात, फक्त आपण विचारत नाही.

प्रश्न: वेळेचा फरक आठ तासांचा आणि मध्ये दुभाषी. दोन दिवसांचं ऑडिट कसं बसवायचं?

उत्तर: सलग आठ तास स्क्रीनवर करू नका, दोघंही थकतात आणि दुपारनंतर काहीही पास होतं. दोन ते तीन तासांची सेशन, चार-पाच दिवसांत पसरून, मधल्या वेळात डॉक्युमेंट वाचा आणि पुढच्या सेशनचे प्रश्न काढा. एक सेशन तुमच्या गैरसोयीच्या वेळी ठेवा जेणेकरून त्यांची दुसरी किंवा तिसरी शिफ्ट दिसेल, नाहीतर आयुष्यभर फक्त जनरल शिफ्टच दिसत राहते. दुभाषी सप्लायरचा नोकर नको, तुमचा असावा. आणि आदल्या दिवशी अर्धा तास फक्त नेटवर्क टेस्टला द्या, प्लांटमध्ये फिरून.

प्रश्न: आम्ही खाद्यपदार्थ अमेरिकेत निर्यात करतो, मित्र औषधांत आहे. दोघांनाही कळत नाही की तिथली एफडीए रिमोट मानते की नाही. कोणी म्हणतं चालतं, कोणी म्हणतं अजिबात नाही.

उत्तर: दोघं वेगवेगळ्या नियमांबद्दल बोलतायत म्हणून गोंधळ आहे. खाद्यपदार्थांसाठी २०११ च्या एफएसएमए या अन्नसुरक्षा कायद्यातून एफएसव्हीपी, म्हणजे परदेशी सप्लायरची पडताळणी करायचा नियम, आला, त्यात जबाबदारी अमेरिकेतल्या आयातदारावर आहे. जिथे धोका असा आहे की माणूस गंभीर आजारी पडेल किंवा जीव जाईल आणि तो धोका परदेशी सप्लायरकडेच आटोक्यात ठेवला जातो, तिथे वर्षातून एकदा जागेवर जाऊन ऑडिट हा ठरलेला मार्ग आहे, आयातदाराने दुसऱ्या पद्धतीनेही पुरेशी खात्री होते असं लिखित कारण देऊन ठरवलं तर वेगळं. मार्च २०२० मध्ये एफडीएने प्रवासबंदीमुळे यात तात्पुरती सूट दिली होती, तेव्हाच्या अनुभवावरून तुमचा कोणी मित्र चालतं म्हणत असेल. तात्पुरत्या सुटीवर आज विसंबू नका, तुमच्या आयातदाराकडून त्याचा लिखित निर्णय मागून घ्या.

औषधांत एफडीएला इन्स्पेक्शनच्या आधी किंवा ऐवजी रेकॉर्ड मागवायचा अधिकार २०१२ च्या कायद्याने मिळाला, २०२२ च्या शेवटी तो मेडिकल डिव्हाईसपर्यंत वाढला. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी रिमोट इंटरॅक्टिव्ह इव्हॅल्युएशनचं मार्गदर्शनही काढलं, म्हणजे लाईव्ह व्हिडिओ, स्क्रीन शेअर वगैरे, पण त्यातच स्पष्ट केलं होतं की कायद्याच्या अर्थाने हे इन्स्पेक्शन नाही. मित्राला सांगा, एफडीएने रेकॉर्ड मागवली तर ती पत्रव्यवहार समजून आरामात पाठवायची गोष्ट नाही, दिलेल्या मुदतीत, नीट क्रमाने, मागितलंय तेवढंच आणि पूर्ण.

आणि खाद्यपदार्थांत माझं स्वतःचं मत विचाराल तर कॅमेऱ्याला वास येत नाही, ओल कळत नाही, ड्रेनची चिकटाई हाताला लागत नाही. पण नुसतं माणूस पाठवला म्हणून भागतं असंही नाही. २०११ मध्ये अमेरिकेत जेन्सन फार्म्सच्या खरबुजांमुळे लिस्टेरियाची साथ आली, ३३ जण गेले, आणि त्याच्या थोडेच दिवस आधी तिथे जागेवर जाऊन केलेल्या ऑडिटमध्ये त्या पॅकिंग शेडला ९६ मार्क आणि सुपिरिअर शेरा मिळाला होता. डोळ्यासमोर असूनही बघायचं ठरवलं नव्हतं तर दिसत नाही.

प्रश्न: कामगारांची स्थिती, ओव्हरटाईम, सुरक्षितता हे सुद्धा आता व्हिडिओवर तपासा असं आम्हाला सांगितलंय. मन तयार होत नाही.

उत्तर: तुमचं मन बरोबर सांगतंय, ऐका त्याचं. पगारपत्रकं, हजेरीचा डेटा, फायर लायसन्स हे दूर बसून तपासता येतं आणि तपासा. कामगाराशी बोलणं मात्र येत नाही. मॅनेजरच्या ऑफिसमध्ये, मॅनेजरच्या फोनवर, दाराबाहेर कोण उभं आहे ते आपल्याला दिसत नसताना तो माणूस काय बोलणार? आणि उद्या त्याला त्याचा त्रास झाला तर आपल्याला कळणार पण नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीत अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या फॅक्टरीला आग लागली, २५० हून जास्त माणसं गेली, खिडक्यांना गज, बाहेर पडायच्या वाटा बंद, आणि काहीच आठवड्यांपूर्वी त्याच फॅक्टरीला एसए ८००० हे सामाजिक जबाबदारीचं सर्टिफिकेट मिळालेलं होतं. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१३ ला, बांगलादेशात राणा प्लाझा कोसळली, १,१०० हून जास्त मृत्यू, आणि त्या इमारतीतल्या काही फॅक्टरींची पण ऑडिट झालेली होती, फक्त इमारतीचं बांधकाम बघणं कोणाच्या स्कोपमध्ये नव्हतं. प्रत्यक्ष जाऊन ही अवस्था, तर व्हिडिओवर इमर्जन्सीचं दार उघडं दाखवलं म्हणून ते रोज उघडं असतं यावर मी सही करणार नाही. तुम्हीही करू नका. वरून फारच दबाव आला तर रिपोर्टमध्ये लिहा की कामगारांच्या मुलाखती स्वतंत्रपणे घेता आल्या नाहीत म्हणून या मुद्द्यांवर निष्कर्ष दिलेला नाही. अशा वेळी त्या भागातल्या, कामगारांची भाषा बोलणाऱ्या, स्वतंत्र माणसाकरवी फॅक्टरीच्या बाहेर मुलाखती करून घ्या, मधला मार्ग असलाच तर तो हा.

प्रश्न: ऑडिट नाही, पण माल निघायच्या आधीचं इन्स्पेक्शन व्हिडिओवर केलं तर?

उत्तर: होतं, साध्या मालाला. सँपलिंग मात्र पूर्ण करा. समजा लॉट १,००० नगांचा आहे आणि आयएसओ २८५९-१ च्या जनरल लेव्हल २ ने जाताय, तर ८० नग काढायचे, एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या दोषांची मर्यादा, २.५ असेल तर ५ दोषींपर्यंत लॉट पास, ६ झाले की रिजेक्ट. व्हिडिओवर लोक दहा-बारा नग बघून ओके म्हणतात, मग ते इन्स्पेक्शन राहत नाही. कार्टनचे नंबर तुम्ही सांगा, ढिगाच्या मागचे आणि खालचे पण, ते काढायला वेळ लागतो तो लागू दे, कार्टन फोडण्यापासून मोजण्यापर्यंत कॅमेरा बंद होऊ देऊ नका. मोजायचं उपकरण आधी दाखवायला लावा, त्याचा नंबर आणि कॅलिब्रेशनचा स्टिकर, आणि वजनकाटा असेल तर स्टँडर्ड वजन ठेवून दाखवा म्हणा. रंगाची शेड, कापडाचा स्पर्श, बारीक ओरखडा, हे स्क्रीनवर ठरवू नका, सँपल मागवा.

प्रश्न: ऑडिट झालं, एनसी दिल्या, सप्लायरने सुधारणेचे फोटो पाठवले, बंद करू का? आणि नव्या सप्लायरचं सर्टिफिकेट खरं आहे का ते कसं बघायचं?

उत्तर: फोटोवर बंद करू नका, निदान मोठी एनसी तरी. फोटो सांगतो की काल नवा बोर्ड लावला, पण तुम्हाला हवंय की चूक परत होत नाहीये. मला या कामासाठी रिमोट सगळ्यात जास्त आवडतं, खरं तर इथे प्रत्यक्ष जाण्यापेक्षा ते बरं पडतं, कारण वीस मिनिटांचा कॉल एका महिन्याने, परत तीन महिन्यांनी करता येतो, त्यासाठी कोणी विमानाने जाणार नव्हतंच. आधी मूळ कारण काय काढलंय ते बघा, ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं एवढंच लिहिलं असेल तर परत पाठवा. मग कॉलवर त्या बदलानंतरच्या बॅचमधली एक तुम्ही निवडा आणि तीच प्रोसेस चालू असताना दाखवा म्हणा. तसाच दुसरा पार्ट, दुसरी लाईन असेल तर तिथेही सुधारणा पोचलीय का विचारा, बहुतेक वेळा पोचलेली नसते.

सर्टिफिकेटसाठी, आयएएफ सर्टसर्च नावाचा ऑनलाइन डेटाबेस आहे, अ‍ॅक्रेडिटेड मॅनेजमेंट सिस्टिम सर्टिफिकेट तिथे शोधता येतात. तिथे सापडलं नाही म्हणजे खोटंच असं नाही, मग सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला थेट मेल करा, सर्टिफिकेटवर छापलेल्या मेलवर नको, त्या संस्थेच्या वेबसाईटवरून मेल काढा. त्या संस्थेला अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे सर्टिफिकेट द्यायची मान्यता, कोणाचं आहे ते बघा. आणि स्कोपची ओळ वाचा, बऱ्याचदा सर्टिफिकेट खरं असतं पण ते ट्रेडिंग ऑफिसचं असतं, तुमचा पार्ट जिथे बनतो त्या जागेचा त्यात उल्लेखही नसतो. तसं निघालं तर बनवणाऱ्या जागेचं वेगळं सर्टिफिकेट मागा, आणि ते नसेल तर तो सप्लायर नवाच समजून जाऊन बघायच्या यादीत टाका.